ऑनबोर्डिंग : नवागताला आपला करून घेण्याची जबाबदारी

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत व्यापारी कचेऱ्यांच्या, कारखान्यांच्या आणि विशेषतः संगणक-व्यवसायाच्या परिभाषेत जे शब्द रोजच्या बोलण्यात रूढ झाले, त्यांत ‘ऑनबोर्डिंग’ या शब्दाची गणना करावी लागेल. नेमणुकीचे पत्र हाती पडलेल्या तरुणाला ‘सोमवारी तुमचे ऑनबोर्डिंग आहे’ असे कळविण्यात येते. तो त्या सोमवारी छायाचित्रे, गुणपत्रिका, आधारकार्ड आणि बँकेचा रद्द केलेला धनादेश घेऊन हजर होतो. भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन, गोपनीयतेची हमी, विम्याचा अर्ज अशा दहा-बारा कागदांवर सह्या करतो. गळ्यात अडकविण्याचे ओळखपत्र आणि कामाचा लॅपटॉप ताब्यात घेतो. आणि सायंकाळी घरी परतताना आपले ऑनबोर्डिंग आटोपले अशी त्याची, आणि त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे त्याला नेमणाऱ्याचीही, समजूत झालेली असते. ही समजूत सर्वथा चुकीची आहे, आणि तिची किंमत नव्या माणसाला, त्याच्या सहकाऱ्यांना व कित्येकदा तिऱ्हाइतांनाही मोजावी लागते, असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे या शब्दामागील कल्पनेचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

व्यवस्थापनशास्त्रात हा शब्द ज्या अर्थाने योजिला जातो तो असा की, एखाद्या संस्थेत नव्याने दाखल झालेल्या मनुष्यास तेथील कामाचे ज्ञान, तेथील नियम, तेथील लिखित-अलिखित रीतिरिवाज आणि तेथील माणसे यांचा परिचय क्रमाक्रमाने करून देऊन, परकेपणाच्या अवस्थेतून त्याला आपलेपणाच्या अवस्थेत आणून सोडण्याची जी योजनाबद्ध प्रक्रिया, ती ऑनबोर्डिंग होय. तिचा प्रारंभ नेमणूक स्वीकारल्याच्या दिवसापासून, म्हणजे माणूस कामावर रुजू होण्याच्याही आधीपासून, होतो. तिची मुदत कामाच्या स्वरूपाप्रमाणे तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंत मानली जाते. आणि नवागत दुसऱ्याच्या आधारावाचून आपले काम करू लागला व अडचण आली असता ती कोणापाशी न्यावी हे त्याला न विचारता कळू लागले, म्हणजे ती पूर्ण झाली असे समजावयाचे. ज्याला इंडक्शन किंवा ओरिएंटेशन म्हणतात तो एक-दोन दिवसांचा परिचयाचा कार्यक्रम आणि ज्याला प्रशिक्षण म्हणतात ते विशिष्ट कौशल्याचे शिक्षण, ही दोन्ही या व्यापक प्रक्रियेची केवळ अंगे आहेत. समाजशास्त्रज्ञ याच विषयाचा अभ्यास ‘संघटनात्मक सामाजीकरण’ या अधिक भारदस्त नावाखाली करीत आले आहेत.

शब्द जहाजावरून आला हे त्याच्या रूपावरूनच उघड आहे आणि त्याविषयी अधिक चर्चा करण्याचे कारण नाही. परंतु जहाजावरची प्रत्यक्ष वहिवाट मात्र फार बोधप्रद आहे, कारण नव्या माणसाला कामाला जुंपण्यापूर्वी त्याच्यासाठी काय केले पाहिजे, हे दर्यावर्दी व्यवसायाने अत्यंत कडक शब्दांत लिहून ठेवले आहे. खलाशांचे शिक्षण व पात्रता यांविषयीचा जो आंतरराष्ट्रीय करार १९७८ साली झाला आणि पुढे १९९५ व २०१० मध्ये ज्यात मोठ्या सुधारणा झाल्या, त्याच्या नियमांप्रमाणे, जहाजावर नव्याने आलेल्या प्रत्येकाला, मग तो दुसऱ्या जहाजांवर कितीही वर्षे नोकरी करून आलेला असो, धोक्याच्या घंटेचा संकेत कोणता, जमावयाचे ठिकाण कोणते, जीवरक्षक जाकीट कोठे ठेवलेले असते आणि आग दिसली किंवा मनुष्य पाण्यात पडला तर प्रथम काय करावयाचे, हे त्याच जहाजावर समजावून दिल्यावाचून नेमून दिलेल्या कामाला लावता येत नाही. सागरी सुरक्षिततेच्या दुसऱ्या एका नियमाने असे बंधन घातले आहे की, जहाजावरील पंचवीस टक्क्यांहून अधिक नोकरवर्गाने मागील महिन्यात त्याच जहाजावर आगीची व जहाज सोडण्याची कवायत केलेली नसेल, तर बंदर सोडल्यापासून चोवीस तासांच्या आत ती कवायत झालीच पाहिजे. आणि सगळाच नोकरवर्ग नवा असेल तर ती बंदर सोडण्यापूर्वीच झाली पाहिजे. येथे ‘त्याच जहाजावर’ या अटीचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. अनुभवी मनुष्य नव्या ठिकाणी अनुभवी राहत नाही, तो त्या ठिकाणापुरता अननुभवीच असतो, हे तत्त्व समुद्राने माणसाच्या गळी फार कठोरपणे उतरविले आहे.

ते किती कठोरपणे, हे १९९० सालच्या एका दुर्घटनेवरून कळते. ‘स्कॅन्डिनेव्हियन स्टार’ नावाची उतारू बोट त्या वर्षीच्या एप्रिलच्या प्रारंभी नॉर्वेतील ओस्लो आणि डेन्मार्कमधील फ्रेडरिक्सहाव्न या बंदरांमधील वाहतुकीवर घाईघाईने लावण्यात आली. ईस्टरच्या सुट्यांची गर्दी तोंडावर होती आणि ती गर्दी हातची जाऊ नये अशी मालकांची इच्छा होती. बोटीवरचा नोकरवर्ग बहुतांशी नव्यानेच जमविलेला होता. त्यांतील कित्येक जण पोर्तुगीज असून उतारूंची भाषा त्यांना येत नव्हती, आणि अधिकाऱ्यांशी बोलण्यापुरते इंग्रजीही सर्वांना अवगत नव्हते. बोटीच्या अंतर्भागातील अरुंद बोळ, जिने व दरवाजे यांची पुरती ओळख होण्याइतका अवधी त्यांना मिळालेला नव्हता. आणि उतारू घेऊन निघण्यापूर्वी आगीची कवायतही झालेली नव्हती. ७ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर बोटीत आग लागली. ती मुद्दाम लावण्यात आली होती असा चौकशीचा निष्कर्ष होता, आणि ती कोणी लावली याविषयीचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. परंतु धूर बोळांतून पसरत असता उतारूंना कोणत्या वाटेने बाहेर काढावे हे ज्यांनी सांगावयाचे, त्यांनाच ती वाट ठाऊक नव्हती, ही गोष्ट वादातीत आहे. १५९ माणसे मृत्युमुखी पडली. त्या खलाशांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ते आपल्या धंद्यात अकुशल होते असे नव्हे. ज्या बोटीवर त्यांना चढविले त्या बोटीची ओळख करून देण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. डेन्मार्कच्या न्यायालयाने पुढे बोटीचा कप्तान आणि मालकपक्ष यांनाच दोषी ठरविले, ते यथायोग्य झाले. जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची जी संहिता १९९८ पासून बंधनकारक झाली, तिच्यात नव्या नोकरवर्गाला कामाचा परिचय करून देण्याची रीत प्रत्येक कंपनीने लेखी ठरवून ठेवावी आणि बंदर सोडण्यापूर्वी सांगावयाच्या आवश्यक सूचनांची नोंद करावी, असे कलम आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा येथील ज्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटीवर जात आली आहेत, आणि १९२७ साली मुंबई बंदरात सुरू झालेल्या ‘डफरिन’ या शिक्षणनौकेवरून ज्यांची मुले व्यापारी जहाजांवरील अधिकारी होऊन बाहेर पडली, त्यांना या कलमाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

जमिनीवरील धंद्यांत मात्र ही जबाबदारी धन्याची आहे हे मान्य व्हावयास फार काळ लागला. आपल्याकडील जुन्या कचेऱ्यांत ‘उमेदवारी’ नावाची एक पद्धत होती. मामलेदाराच्या किंवा जिल्ह्याच्या कचेरीत नोकरीची आशा धरून आलेला मुलगा विनावेतन अथवा नाममात्र वेतनावर एखाद्या जुन्या कारकुनाच्या हाताखाली बसे, मोडीतील दस्तऐवजांच्या नकला करी, रुमाल बांधी, कोणता कागद कोणत्या दफ्तरात जातो हे पाहून ठेवी, आणि जागा रिकामी झाली म्हणजे तीवर त्याची वर्णी लागे. या पद्धतीत गरिबाच्या पोराची पिळवणूक होती आणि वशिल्याला मुबलक वाव होता, हे नाकारता येत नाही. तथापि नव्या माणसाशेजारी एक जाणता माणूस प्रत्यक्ष बसलेला असे, ही तिच्यातील गोष्ट इतकी मोलाची होती की, आजच्या मोठमोठ्या कंपन्या नवागताला ‘बडी’ नेमून देतात तेव्हा त्या तीच गोष्ट नव्या नावाने परत आणीत असतात. साहेबी अंमलातील वरिष्ठ हुद्देदारांची तजवीज मात्र निराळी होती. विलायतेहून येणाऱ्या कंपनी सरकारच्या तरुण नोकरांना येथील भाषा व रीतिभाती शिकविण्याकरिता १८०० साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजची स्थापना झाली. तेथे विल्यम केरी मराठी शिकवीत, आणि त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले ते याच गरजेतून. राज्यकर्त्याच्या नवागतासाठी महाविद्यालय आणि प्रजेतील नवागतासाठी उमेदवारीचा पाट, ही विषमता पुढेही अन्य रूपांनी टिकून राहिली.

तिचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मुंबईचे गिरणगाव. कावसजी दावर यांनी १८५४ साली काढलेल्या पहिल्या कापड-गिरणीपासून पुढील शंभर वर्षांत कोकणातून आणि घाटावरून लक्षावधी माणसे या शहरात आली; परंतु त्यांना आत घेण्याची, काम शिकविण्याची आणि शहरात स्थिर करण्याची कोणतीही व्यवस्था गिरणीमालकांनी आपल्या शिरावर घेतली नव्हती. ती सारी जॉबरावर सोपविलेली असे. माणसे आणणे, त्यांना साच्यावर उभे करणे, काम देणे आणि काढून टाकणे हे सर्व अधिकार त्या एका मनुष्याच्या हाती एकवटले होते, स्त्रियांच्या खात्यांत तेच अधिकार नायकिणीकडे असत, आणि कामावर घेतल्याबद्दल नव्या कामगाराला आपल्या तुटपुंज्या पगारातून ‘दस्तुरी’ मोजावी लागे. कित्येकांना प्रथम कायमची जागा मिळतच नसे. पहाटे भोंगा झाला म्हणजे फाटकाशी जाऊन उभे राहावयाचे आणि कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी ‘बदली’ म्हणून आत शिरावयाचे, असे त्यांचे आयुष्य असे. अशा बदली कामगाराला आज या साच्यावर तर उद्या त्या साच्यावर उभे राहावे लागे आणि कोणत्याच साच्याची पुरती ओळख करून देणारा कोणी नसे.

मग तो टिकला कसा? या प्रश्नाचे उत्तर मला आपल्या सामाजिक इतिहासातील एक अत्यंत हृद्य प्रकरण वाटते. गावचा मनुष्य मुंबईत उतरला म्हणजे गावकीच्या खोलीचा रस्ता धरी. एका गावच्या वीस-पंचवीस पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेल्या त्या खोलीत, पाळीपाळीने कामावर जाणाऱ्यांच्या वळकट्यांच्या शेजारी, त्याच्या वळकटीला जागा मिळे. खानावळवाल्या बाईकडे त्याच्या जेवणाची सोय पहिला पगार होईपर्यंत उधारीवर लावून दिली जाई. कोणत्या खात्यात कोणाचा चुलता आहे, कोणता जॉबर मारकुटा आहे, यंत्राचा पट्टा सुटला तर हात कोठे ठेवू नये, पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या सावकाराला कसे टाळावे, ही सारी विद्या त्याला रात्री त्या खोलीत मिळे आणि दिवसा खात्यात एखादा गाववाला ती हात धरून गिरवून घेई. गोव्याहून बोटीवरच्या नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांनी धोबीतलावाच्या आसपास गावोगावचे जे ‘कूड’ चालविले, तेही याच जातीचे. बोट मिळेपर्यंतचा निवारा, पेटी ठेवण्यापुरती जागा, प्रार्थनेची वेदी आणि जुन्या खलाशांचा सल्ला हे सर्व तेथे अल्प वर्गणीत लाभे. ज्या कामाला आज ऑनबोर्डिंग हे नाव आहे ते सर्व काम येथे होत होते. परंतु ते धन्याने केलेले नव्हते, गरिबांनी गरिबांसाठी आपल्या पदरच्या पैशाने केलेले होते, आणि त्याचा नफा मात्र गिरणीच्या खात्यावर जमा होत होता. त्या खानावळवाल्या स्त्रियांचे ऋण समाजाने मानावयास १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून त्यांना संघटित केले.

जॉबराच्या सत्तेवर शासकीय दफ्तरात स्पष्ट ठपका पडला तो १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल सादर करणाऱ्या व्हिटली आयोगाच्या कामामुळे. कामगारांचे थोर कैवारी नारायण मल्हार जोशी हे या आयोगाचे एक सभासद होते. नोकरभरती जॉबराच्या हातून काढून घ्यावी आणि ती थेट वरिष्ठांना जबाबदार असलेल्या स्वतंत्र कामगार-अधिकाऱ्याकडे द्यावी, अशी शिफारस आयोगाने केली. १९३६ साली मुंबईत दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे जे विद्यालय निघाले आणि ज्याचे पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रूपांतर झाले, तेथून कामगारकल्याणाचे शिक्षण घेतलेली माणसे बाहेर पडू लागली. आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे अथवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. याच अधिनियमात, धोकादायक यंत्रावर अल्पवयीन कामगाराला उभे करण्यापूर्वी त्या यंत्राच्या धोक्यांची त्याला पूर्ण माहिती दिली पाहिजे आणि त्याचे पुरेसे शिक्षण झाले पाहिजे किंवा त्या यंत्राच्या जाणकाराची त्याच्यावर देखरेख पाहिजे, असे कलम होते. कायद्याच्या भाषेत ऑनबोर्डिंग हा शब्द कोठेही नाही. त्याचा गाभा मात्र या कलमात संपूर्ण आहे.

शास्त्रज्ञांचे लक्ष या विषयाकडे वळले ते प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीत एकात्मिक विद्युत्‌मंडले जोडण्याच्या कामावर घेतलेल्या नव्या स्त्री-कामगारांविषयी अर्ल गोमरसॉल आणि स्कॉट मायर्स यांनी केलेला आणि १९६६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या क्षेत्रात सर्वश्रुत आहे. नव्या बायकांना काम जमावयास वेळ लागतो तो त्यांच्या बोटांच्या मंदपणामुळे नसून मनातील भीतीमुळे, जुन्या कामगारांनी थट्टेने घातलेली भीती ती आणखी वाढविते, आणि भ्यालेला मनुष्य आपली अडचण वरिष्ठाला विचारीतच नाही, असे त्यांना संभाषणांतून आढळले होते. म्हणून त्यांनी एका गटाला नेहमीच्या दोन तासांच्या परिचयानंतर थेट कामाला न लावता उरलेला संपूर्ण दिवस चार गोष्टी सांगण्यात घालविला : या कामात यशस्वी होण्याची तुमची शक्यता फार चांगली आहे, तुम्हाला घाबरवणाऱ्या जुन्यांच्या गप्पांकडे लक्ष देऊ नका, शंका आली की आपण होऊन विचारा, आणि तुमचा वरिष्ठ कसा माणूस आहे ते जाणून घ्या. परिणाम असा झाला की शिक्षणाचा काळ निम्म्यावर आला, शिक्षणाचा खर्च पूर्वीच्या एक-तृतीयांशावर आला, गैरहजेरी व उशीर निम्म्याने घटले, आणि नासधूस व नापास माल एक-पंचमांश उरला. एका दिवसाच्या आपुलकीच्या बोलण्याने हे घडले! नवागताच्या भयाची दखल घेणे हा धन्याचा दयाळूपणा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तो धंद्याच्या हिशेबाचा भाग आहे हे या प्रयोगावरून समजून घ्यावे.

पुढे जॉन वानस यांनी टेलिफोन-ऑपरेटर म्हणून येऊ इच्छिणाऱ्या तरुणींपैकी काहींना कामाची केवळ उजळ बाजू आणि काहींना कंटाळा, कडक देखरेख यांसह खरी बाजू चित्रपटाद्वारे दाखवून पाहिली. सत्य सांगितल्याने उमेदवार पळून गेले नाहीत. उलट ज्यांना ते आधी कळले होते त्यांचा पुढे अपेक्षाभंग कमी झाला आणि नोकरी सोडण्याचे विचारही त्यांच्या मनात कमी आले. १९७९ साली जॉन व्हान मानेन आणि एडगर शाइन यांनी या साऱ्या विषयाला तात्त्विक बैठक दिली. व्हान मानेन यांनी स्वतः पोलीस-भरतीतील नव्या शिपायांबरोबर राहून अभ्यास केलेला होता. संस्था नवागताला गटाने घेते की एकेकट्याने, ठरलेल्या क्रमाने शिकविते की जमेल तसे, जुन्या जाणत्याच्या हाताखाली देते की मोकळा सोडते, असे अनेक भेद त्यांनी पाडले. परंतु त्यांतील मला सर्वांत मार्मिक वाटणारा भेद हा की, काही संस्था नवागताचे पूर्वीचे व्यक्तित्व स्वीकारून त्यावर आपली भर घालतात, तर काही ते व्यक्तित्व प्रथम उतरवून ठेवावयास लावतात. सैन्यात केस कापून, एकसारखा पोशाख चढवून दुसरी रीत अवलंबिली जाते आणि तेथे तिचे प्रयोजनही आहे. तीच रीत कारकुनी कचेरीत किंवा महाविद्यालयाच्या वसतिगृहात शिरली म्हणजे तिचे रूपांतर छळात होते. महाराष्ट्राला १९९९ साली रॅगिंगविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, तो नव्या मुलाला ‘आपल्यात घेण्याच्या’ नावाखाली चाललेल्या याच क्रौर्याच्या बंदोबस्ताकरिता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ या नावाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताचा जो आराखडा महाविद्यालयांना दिला, तो मनापासून अमलात आला तर या दुष्ट प्रथेवर कायद्याहूनही परिणामकारक उपाय ठरेल.

उत्तम ऑनबोर्डिंग कसे असते, हे एवढ्या विवेचनानंतर थोडक्यात सांगता येईल. त्यात चार थर असतात असे टाल्या बावर या अभ्यासिकेने मांडले आहे, आणि ते मला पटते : सर्वांत खाली नियमांची पूर्तता, त्यावर कामाचे स्पष्ट आकलन, त्यावर संस्थेच्या अलिखित वहिवाटीची जाण, आणि सर्वांत वर माणसांशी जडलेले संबंध. बहुसंख्य संस्था पहिल्या थरावरच थांबतात, कारण तो कागदावर दाखविता येतो. चांगली संस्था माणूस रुजू होण्यापूर्वीच त्याला पत्राने किंवा फोनने कोठे, केव्हा, कोणाला भेटावयाचे ते कळविते. पहिल्या दिवशी त्याची बसावयाची जागा, यंत्र, परवाने तयार ठेविते. त्याच्या वरिष्ठाला त्या दिवशी अन्य कामातून मोकळे करते. पहिल्या आठवड्यात त्याच्या हातून एखादे छोटे पण खरे काम पूर्ण करवून घेते. आणि तीस, साठ व नव्वद दिवसांनी त्याच्याशी बसून ‘तुम्हाला काय अडते आहे’ हा प्रश्न विचारते. हा शेवटचा प्रश्न विचारून त्याचे उत्तर ऐकून घेणे हेच या साऱ्यातील अवघड काम आहे. जपानात १ एप्रिल रोजी नव्या नोकरांच्या प्रवेशाचा समारंभ कंपनीच्या अध्यक्षांच्या उपस्थितीत थाटाने होतो. आपल्याकडे म्हैसूरच्या किंवा तिरुवनंतपुरमच्या विस्तीर्ण शिक्षणसंकुलांत पुण्या-नागपूरची, कोल्हापूर-औरंगाबादची अभियंता मुले महिनोन् महिने राहून येतात. या गोष्टी स्तुत्य आहेत. परंतु संकुलातून परतलेल्या मुलाला प्रत्यक्ष प्रकल्पावर पहिल्या दिवशी कोणी ओळखसुद्धा दाखविली नाही, तर त्या थाटाचा उपयोग काय? २०२० च्या महामारीत तर हजारो तरुण घरी कुरिअरने आलेला लॅपटॉप उघडून नोकरीवर रुजू झाले आणि कित्येक महिने त्यांना एकाही सहकाऱ्याचे प्रत्यक्ष दर्शन घडले नाही. त्या काळात ज्या वरिष्ठांनी रोज पाच मिनिटे केवळ विचारपूस करण्यासाठी फोन केला, त्यांची नावे ती मुले आजही कृतज्ञतेने घेतात.

अलीकडे हा शब्द नोकरीच्या क्षेत्राबाहेरही पसरला आहे, त्याचा ओझरता उल्लेख करून पुढे जातो. बँकेत नवा खातेदार घेणे, देयकाच्या अॅपवर नवा दुकानदार जोडणे, यांनाही ऑनबोर्डिंग म्हणतात. रिझर्व्ह बँकेने २००२ पासून ग्राहकाची ओळख पटविण्याचे निर्बंध घातले आणि जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओद्वारे ओळख पटविण्यास परवानगी दिली, त्यामुळे ही प्रक्रिया घरबसल्या होऊ लागली. ग्राहक मध्येच कंटाळून निघून जाऊ नये म्हणून या क्षेत्रातील लोक एकेका पायरीचा, एकेका बटणाचा विचार करतात. ग्राहकासाठी जेवढी काळजी वाहिली जाते तिच्या निम्मी जरी नव्या नोकरासाठी वाहिली गेली, तरी पुष्कळ साधेल.

आणि नोकरांतही ती कोणासाठी वाहिली जाते, हा माझ्या दृष्टीने मुख्य प्रश्न आहे. भारतीय प्रशासन सेवेतील परिविक्षाधीन अधिकाऱ्याला मसुरीची प्रबोधिनी, भारतदर्शन आणि जिल्ह्यातील अनुभव मिळून सुमारे दोन वर्षे घडविले जाते, आणि ते योग्यच आहे. संगणक-अभियंत्याला काही महिने मिळतात. परंतु औद्योगिक वसाहतीत कंत्राटदारामार्फत आज सकाळी आलेल्या आणि तासाभरात दाबयंत्रापुढे उभ्या केलेल्या हंगामी कामगाराला काय मिळते? टोरांटो येथील इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ या संस्थेच्या अभ्यासाप्रमाणे, नोकरीच्या पहिल्या महिन्यातील कामगाराला इजा होण्याचा धोका वर्षाहून अधिक काळ काम केलेल्याच्या तिपटीहून अधिक असतो. म्हणजे ज्याला परिचयाची सर्वाधिक गरज तोच त्यापासून सर्वाधिक वंचित. शहराच्या भुयारी गटारात संरक्षक साधनांवाचून माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी घातलेली असतानाही, रोजंदारीवर आणलेली माणसे तेथील विषारी वायूविषयी एक शब्दही न सांगता आत उतरविली जातात आणि गुदमरून मरतात, हे आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो. ‘तो आमचा नोकर नव्हे, कंत्राटदाराचा’ हा बचाव जॉबराच्या काळापासून चालत आलेला आहे आणि तो तेव्हाही लज्जास्पद होता. १९७० च्या कंत्राटी कामगारांविषयीच्या कायद्याने कंत्राटदाराने पगार किंवा सोयी न दिल्यास त्या देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकलेली होती; मग ज्या यंत्रापुढे तो माणूस उभा राहावयाचा त्या यंत्राची ओळख करून देण्याची जबाबदारी तरी मूळ मालकाची का नसावी?

म्हणून कारखानदार, अधिकारी, गृहनिर्माण संस्थांचे कार्यवाह आणि नगरपालिकांचे अभियंते या सर्वांना माझी विनंती आहे की, नव्या व्यवस्थापकाच्या स्वागताच्या पुष्पगुच्छाची तरतूद करण्यापूर्वी आपल्या फाटकातून आज आत आलेल्या कंत्राटी माणसासाठी एक जाणता मनुष्य, एक पूर्ण दिवस आणि त्याला कळेल अशा भाषेतील सूचना यांची तरतूद करावी. जी संस्था एवढे करीत नाही, तिच्या दफ्तरी स्वागताच्या कार्यक्रमांच्या कितीही नोंदी असल्या, तरी तिच्याकडे ऑनबोर्डिंग आहे असे म्हणता येणार नाही.